औषधाचा डबा आणि कापडाची गाठ

आमचा धंदा कापडाचा. शेतीशी आमचा संबंध एवढाच, की उसाचे बिल निघाले की बारामतीच्या पेठेत गिऱ्हाईक दिसते आणि बिल लांबले की आमच्या वहीतली उधारी लांबते. असे असताना आम्ही कीटकनाशकांवर का लिहावे, असा प्रश्न वाचक बंधूंना पडेल. त्याचे उत्तर एका कापडाच्या गाठीत आहे.

सन २००९ चा जून महिना होता. शाळा उघडण्याच्या आधीची गर्दी. गणवेशाच्या कापडाच्या सहा गाठी ट्रान्सपोर्टने आल्या. त्यातल्या एका गाठीचा कोपरा ओला होता आणि त्याला उग्र, लसणासारखा वास येत होता. हमाल म्हणाला, "पाऊस लागला असंल, शेठ." पण त्या आठवड्यात पाऊस झालाच नव्हता. त्याने गाठ पाठीवर घेतली, आत टाकली, आम्ही ती फोडली. गर्दीच्या नादात एका शिंपीबंधूने त्यातलाच एक तागा नेलासुद्धा. संध्याकाळी हमालाला घाम सुटला, मळमळू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "डब्यावर काय लिहिलं होतं?" डबा कोणी पाहिलाच नव्हता! ट्रान्सपोर्टवाल्याकडे माणूस पाठवला तेव्हा कळले, की त्याच गाडीत एका कृषी दुकानाचे खोके होते आणि त्यातला एक डबा वाटेत फुटला होता. नाव मिळाले, उपचार झाले. अल्लाहच्या कृपेने माणूस तीन दिवसांत घरी आला.

आमचे थोरले बंधू म्हणाले, "सोड्याच्या पाण्यातून काढू, उन्हात टाकू आणि निम्म्या भावात देऊन टाकू. वास गेला की कोण विचारतो?" खोटे कशाला सांगावे, क्षणभर आम्हालाही ते पटले होते. चौदा तागे म्हणजे त्या वेळी आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती. पण ते कापड जाणार होते लहान मुलांच्या अंगावर. शिंप्याकडून तागा परत आणवला. त्याने दोन चड्ड्या बेतल्याही होत्या, त्याची मजुरी दिली. कापड जाळले नाही, कारण त्याचा धूरही विषारीच. वस्ती आणि विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात गाडले. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मागे लागला. विचारून, वाचून जे समजले, ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

कायदा कसा जन्मला

आमच्या गाठीचे जे झाले, तेच फार मोठ्या प्रमाणावर १९५८ साली केरळात झाले होते. एप्रिल-मे महिन्यांत तेथे लोक अन्न खाऊन पटापट आजारी पडू लागले आणि शंभरावर माणसे दगावली. तपासात आढळले, की जहाजातून आलेले धान्य फॉलिडॉल नावाच्या कीटकनाशकासोबत वाहिले गेले होते. डबे गळले आणि विष धान्यात उतरले. त्यातले द्रव्य होते पॅराथिऑन. सरकारने न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्यामार्फत चौकशी केली, पुढे तज्ज्ञांची समिती बसली आणि त्यातून १९६८ चा कीटकनाशक अधिनियम तयार झाला. त्याचे नियम १९७१ साली आले. म्हणजे हा कायदा जन्मला तो शेतात नव्हे, मालवाहतुकीत आणि गोदामात! कायदा शेतकऱ्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कायद्याचा पाया साधा आहे. ज्या द्रव्याची केंद्राच्या नोंदणी समितीकडे नोंदणी नाही, ते देशात बनवता येत नाही, आयात करता येत नाही. ज्याच्याकडे परवाना नाही, त्याला ते विकता येत नाही. नोंदणीही सरसकट नसते. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, हे सारे त्या नोंदणीत ठरते आणि लेबलावर व माहितीपत्रकात छापले जाते. द्राक्षासाठी नोंदलेले द्रव्य भेंडीवर मारणे हा लेबलाचा भंग आहे, डबा कितीही अस्सल असो.

आपल्याकडे या मालाला सर्रास 'औषध' म्हणतात. "औषध मारलं का?" "औषधाचं दुकान कुठं?" हा शब्दच आम्हाला घातक वाटतो. कायद्याने डब्यावर चौकोन उभा करून त्याचे दोन त्रिकोण पाडले आहेत. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून सौम्य. लाल रंगाच्या डब्यावर वरच्या भागात कवटी, हाडे आणि विष असल्याचा शब्द असतो. पिवळ्यावर शब्द असतो, कवटी नसते. निळ्यावर धोक्याचा आणि हिरव्यावर सावधगिरीचा इशारा असतो. अक्षरओळख नसलेल्या मजुरालाही कळावे, म्हणून ही योजना. परंतु बाजारात तिचा उलटा अर्थ लागला आहे. "लालवालं द्या, ते कडक असतं," असे म्हणणारे गिऱ्हाईक आम्ही स्वतः ऐकले आहे. रंग सांगतो, ते माणसाच्या पोटात गेले तर काय होईल. कीड किती मरेल, हे तो सांगत नाही.

भाच्याचे दुकान

आमच्या बहिणीचा मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला. २०१५ मध्ये नियम बदलले आणि नव्या परवान्यासाठी कृषी किंवा विज्ञान शाखेचे शिक्षण आवश्यक ठरले. त्यात रसायन, वनस्पती आणि प्राणिशास्त्राचे पदवीधरही बसतात. जुन्या दुकानदारांसाठी अभ्यासक्रमांची सोय पुढे झाली. आपल्या समाजातली विज्ञान शिकलेली मुले नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, त्यांच्यासाठी ही वाट आहे. भाच्याने २०१८ मध्ये इंदापूर तालुक्यात बाजाराच्या गावी दुकान टाकले. भांडवलात थोडा वाटा आमचाही होता.

दुसऱ्या वर्षी गुणनियंत्रण निरीक्षकांनी त्याच्या दुकानातून नमुना घेतला. काही आठवड्यांनी अहवाल आला, की नमुना अप्रमाणित. पोराचा फोन आला, आवाज कापत होता. "मामू, आता आत जावं लागतंय का?" घाबरण्यासारखेच होते. २००० सालच्या दुरुस्तीप्रमाणे असा माल विकल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आम्ही त्याला घेऊन वकिलाकडे गेलो आणि तेथे आमच्याही ज्ञानात भर पडली.

नमुन्याचे तीन भाग करून सील करतात. एक प्रयोगशाळेत जातो, एक न्यायालयासाठी ठेवतात आणि एक दुकानदाराला मिळतो. हा तिसरा भाग फेकायचा नसतो. अहवाल मान्य नसेल, तर तो मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते. मुदत टळली की अहवाल पक्का धरला जातो. अनेक दुकानदार हातपाय गाळून बसतात किंवा 'कोणाला तरी भेटून' मिटवण्याच्या मागे लागतात आणि त्यात हे २८ दिवस निघून जातात. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. किरकोळ विक्रेत्याने तीन गोष्टी सिद्ध केल्या, तर कायद्याच्या तिसाव्या कलमात त्याला बचाव आहे. माल परवानाधारकाकडूनच घेतला होता. माल खोटा आहे हे त्याला माहीत नव्हते आणि योग्य काळजी घेऊनही कळण्याजोगे नव्हते. आणि घेतला तसाच, नीट साठवलेला, मोहोरबंद स्थितीत त्याने विकला.

पहिली गोष्ट सिद्ध कशाने होते? बिलाने. भाच्याकडे त्या मालाचे बिल होते, बॅच नंबरसकट. तेवढ्यावर तो तरला. पण वकिलाच्या कचेरीतून बाहेर पडताना त्याने मान खाली घालून सांगितले, की शेजारच्याच मांडणीवर बिनबिलाचे दोन खोके होते. एक फिरता एजंट स्वस्तात देऊन गेला होता. निरीक्षकांचा हात एक फूट डावीकडे गेला असता, तर? नुसते बिलच नव्हते असे नाही, त्या डब्यांत काय होते हेही कोणाला ठाऊक नव्हते. ते खोके त्याने विकले नाहीत. स्वतः कृषी अधिकाऱ्यांना दाखवले आणि तोटा सोसला. आम्ही रागावलो नाही, कारण चौदा ताग्यांची गोष्ट आम्हाला आठवत होती.

किराणा आणि धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी दोन शब्द. माणसाच्या किंवा जनावरांच्या खाण्याचा माल ज्या इमारतीत आहे, तेथून शेतीची कीटकनाशके विकण्यास नियमांत मनाई आहे. घरगुती वापरासाठी नोंदलेली, झुरळ-डासांची उत्पादने यातून वगळली आहेत. साठवण वेगळ्या खोलीत किंवा कुलपाच्या कपाटात हवी. आणि धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर सर्वसामान्यांना विकताच येत नाहीत. त्यांचा वापर सरकारी संस्था आणि धुरीकरणाचे अधिकृत काम करणारे यांच्यापुरताच ठेवला आहे. तरीही गल्लीतल्या दुकानात 'गव्हातल्या गोळ्या' मागितल्या की कागदात बांधून मिळतात. बंद खोलीत या गोळ्यांचा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

फवारणीच्या आधी काय

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. सरकारने १९८५ पासून पीक संरक्षणाचा मुख्य मार्ग म्हणून 'एकात्मिक कीड व्यवस्थापन' स्वीकारले आहे. नाव अवघड आहे, गोष्ट व्यापाऱ्याला लगेच कळेल अशी. दुकानात एक झुरळ दिसले म्हणून कोणी सगळे तागे रॉकेलमध्ये बुडवत नाही. नुकसान किती, उपायाचा खर्च किती, हा हिशेब आधी होतो. शेतातही तसेच. किडीने होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाला ओलांडू लागेल, त्याच्या जरा आधीची पातळी ओळखायची आणि तोवर रासायनिक फवारणी टाळायची. १९५९ साली कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी हा विचार मांडला. कपाशीचे उदाहरण घ्या, कारण तिच्याशी आमचे पोट बांधलेले आहे. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले, किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडकी दिसली, तरच फवारणी. त्याआधी मारलेला पंप म्हणजे नुसताच खर्च.

बारामती-इंदापूरच्या उसाने हा धडा फार महागात शिकला. २००२ मध्ये सांगलीकडून पांढरा लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. नीरा डाव्या कालव्याचा आमचा पट्टाही त्यातून सुटला नाही. पाने काळी पडली, ऊस पांढऱ्या लोकरीने भरला. त्या वर्षीची आमची उधारीची वही आम्ही अजून जपून ठेवली आहे, इतकी पाने कोरी राहिली. लोकांनी हाती लागेल ते फवारले. पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात माणूस शिरणार कसा आणि पानाच्या मागे फवारा पोचणार कसा? शिवाय माव्याबरोबर त्याला खाणारे किडेही मेले. अखेर मावा आटोक्यात आणण्यात मोठा वाटा उचलला तो डिफा नावाच्या अळीने, मायक्रोमससारख्या भक्षकांनी आणि पुढे एन्कार्सिया या बारीक गांधीलमाशीने. शास्त्रज्ञांनी आणि कारखान्यांनी त्या वाढवल्या, शेतातून शेतात सोडल्या. जे लाखोंच्या फवाऱ्याने झाले नाही, त्यात फुकटचे किडे कामाला आले. इंडोनेशियाने हेच भातावर अनुभवले होते. तुडतुड्यांनी हैराण झाल्यावर १९८६ मध्ये तेथील सरकारने भातावरची ५७ कीटकनाशके बंद केली, त्यांवरचे अनुदान टप्प्याटप्प्याने काढून घेतले आणि शेतकऱ्यांना बांधावरच किडी ओळखायला शिकवले.

आपल्या भागात आज करण्यासारखे बरेच आहे. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड मिळते. कागदाच्या एका पट्टीवर साधारण वीस हजार परोपजीवी अंडी असतात. तिचे तुकडे पानाच्या खालच्या बाजूला, ऊन टाळून टाचायचे आणि त्या दिवसांत फवारा मारायचा नाही. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर पुढची पिढी जमिनीत जातच नाही. मात्र हे काम एकट्याने होत नाही, सारी वाडी लागते. पूर्वी हुमणीसाठी हातात घेऊन फेकले जाणारे फोरेट, म्हणजे आपले 'थिमेट', ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. डायक्लोरव्हॉस आणि ट्रायझोफॉसही त्याच दिवसापासून बंद. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी बंदी घातली. जुना साठा म्हणून कोणी देऊ लागला, तर तो सौदा नव्हे, खटला आहे.

फळांच्या व्यापारातल्या बागवान बंधूंना हे विशेष सांगायचे. इंदापूरकडे पेरूची, डाळिंबाची बाग झाडावरच घेण्याची पद्धत आहे. बाग घेताना आपण फळ पाहतो, मोहोर पाहतो, पाण्याचे विचारतो. शेवटची फवारणी कशाची आणि कधी झाली, हे किती जण विचारतात? तोडणीपूर्वीचे दिवस पाळले नाहीत, तर विषाचा अंश फळात राहतो आणि ते फळ आपल्या नावाने बाजारात जाते. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट हे वाढनियंत्रक सापडले. माल बंदरात अडकला, भाव कोसळले आणि ज्यांनी ते वापरलेच नव्हते, त्यांचीही द्राक्षे बदनाम झाली. पेरूवरच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉलचे सापळे लावले, तर नर माश्या त्यात अडकतात आणि फवारे कमी लागतात. बागेचा करार करताना सापळे कोण लावणार आणि फवारणीची नोंदवही कोण ठेवणार, हे चार ओळींत लिहून घ्यावे.

कापड आणि रिकामे डबे

फवारणी करणाऱ्याच्या अंगावर काय असते, हे कापडवाल्याच्या नजरेतून सुटत नाही. विरलेला सदरा, तोंडाला उपरणे. सुती कापड पाणी शोषते, तसे विषही शोषते. पंप पाठीवर गळत असेल, तर दिवसभर ती ओली घडी कातड्याला चिकटून राहते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. ऊस-कपाशी छातीच्या वर गेली की फवारा आपल्याच अंगावर येतो. म्हणून घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे कापड, त्यावर प्लास्टिकचा एप्रन, रबरी हातमोजे आणि चष्मा हवा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालू नये. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, कारण ते धुणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते आणि तिच्या हातात मोजे नसतात. पंप दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंनीही पंप आधी धुऊन आणायला सांगावे. नोझल तोंडाने फुंकून साफ करण्याची सवय तर आजच सोडावी.

शेवटचा मुद्दा भंगाराचा, आणि तो आपल्याच वस्तीतला. नियमाप्रमाणे रिकामा डबा फोडून वस्तीपासून लांब पुरायचा असतो. प्रत्यक्षात तो किलोवर विकला जातो आणि कोणाच्या तरी घरी पाण्याला लागतो. डबा तीन वेळा विसळावा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, डब्याला भोके पाडावीत. भोके नसलेला डबा भंगारवाल्यांनी घेऊच नये. भाच्याने आता एक केले आहे. मोठा डबा विकताना तो बिलाच्या मागे लेबलावरचे नाव स्वतःच्या हाताने लिहून देतो आणि सांगतो, हा कागद घरात दिसेल अशा जागी लावा, काही झाले तर डॉक्टरांकडे हाच घेऊन पळा. आम्ही ट्रान्सपोर्टच्या पावतीवर शिक्का मारून घेतो, की गाडीत कीटकनाशकाचा माल असल्यास आमची गाठ चढवू नये. दोन वेळा त्यामुळे माल एक दिवस उशिरा आला. हमाल तोच आहे, आता केस पिकलेत. गाठ उचलण्यापूर्वी तो आधी वाकून वास घेतो.